गिनीला भाव कशाचा?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात पाचोऱ्याच्या सराफाकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक घ्यायला आलेली. एक ग्रॅमचं, दोन ग्रॅमचं, हातात पैसा खेळत असेल तर पाच ग्रॅमचं नाणं, तेही मुहूर्ताला हवं म्हणून. दुसरी मोडायला आलेली. पेरणी तोंडावर, बियाण्याचा खर्च पुढे उभा, म्हणून लुगड्याच्या घडीतली पुरचुंडी बाहेर आलेली असते. तिच्यात पोत असते, कानातलं असतं आणि एखाद्या वेळी एक गिनी असते, राणीच्या किंवा राजाच्या तोंडाची, वर कडी झाळून बसवलेली. सराफ ती काट्यावर टाकतो, टंच बघतो, कॅल्क्युलेटरवर आकडा फिरवून समोर धरतो. राणी कोणती, साल कोणतं, हे तोही विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही.

जुन्या सोन्याच्या नाण्याला त्यातल्या सोन्यापलीकडे भाव असतो का, असला तर तो कोण देतं आणि आपल्या खान्देशात तो कुणाच्या पदरात पडतो, एवढंच या लेखात बघायचं आहे. 'अँटिक' हा शब्द ऐकला की डोळे चमकतात आणि आकडे बेलगाम होतात. म्हणून आधी बघू, इथे माल होता तरी कोणता.

खान्देशाच्या मातीला सोन्याचं नाणं नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, तो तेराव्या शतकाच्या आरंभी. त्या काळी इथे देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं, आणि त्यांचं सोन्याचं नाणं म्हणजे पद्मटंक: बशीसारखं किंचित खोलगट, मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ, कडेने ठसे, त्यांत देवनागरीत राजाचं नाव. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. अक्षर ओळखीचं असल्यामुळे शाळकरी पोरगाही त्यावरची 'श्री' वाचू शकतो.

पुढे मोगल आले. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला, खान्देशाचं नाव मुलाच्या, दानियालच्या नावावरून 'दानदेश' केलं आणि या विजयाची आठवण म्हणून ससाण्याचं चित्र असलेली खास मोहर पाडली. मोहरेवर पक्षी ही गोष्टच त्या काळात विरळा. म्हणून जगातल्या नाणेसंग्राहकांना खान्देश माहीत असलाच, तर तो केळी-कापसापेक्षा या ससाण्यामुळे. रावेर ओलांडलं की लागणारं बुऱ्हाणपूर ही खान्देश सुभ्याची राजधानी होती. तिथल्या टाकसाळीतल्या शहाजहान-औरंगजेबाच्या मोहरा आजही बाजारात फिरतात. वजन अकरा ग्रॅमच्या जवळ, सोनं जवळजवळ चोख.

तिसरा ओघ समुद्रावरून आला. व्हेनिसचा डुकाट १२८४ पासून एकाच घाटाचा, साडेतीन ग्रॅमचा, इतका चोख की पाच शतकं कुणी त्याचा कस काढायच्या भानगडीत पडलं नाही. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. आपल्याकडे या साऱ्या मंडळींना मिळून एकच नाव पडलं, पुतळी. पेशवाईच्या हिशेबांत होन, मोहर यांच्या पंगतीला पुतळीही बसते. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, पण पुतळ्यांची माळ गळ्यात राहिली. पुढे सोनारांनी तसेच ठसे घरी कोरले. त्या कोरण्यात लॅटिन अक्षरांची जी गंमत झाली आहे, ती बघण्यासारखी आहे. वाचता न येणाऱ्या लिपीची नक्कल नुसत्या नजरेने केली की अक्षरांच्या काड्या होतात. आजीच्या माळेतली पुतळी अस्सल व्हेनिसची की घरच्या ठशाची, हे त्या काड्यांवरूनच कळतं.

पण खान्देशातल्या घराघरांत पोहोचली ती गिनी, आणि तिला इथे आणलं कापसाने. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला तेजी आली. नेमके त्याच दशकात मुंबईहून लोहमार्ग खान्देशात पोहोचले. त्या तेजीत शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट सांगतात. ती किती खरी देव जाणे, पण पैसा आला तो सोन्याचांदीत मुरला हे नक्की. मग १८९९ मध्ये सरकारने गिनी पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरवली आणि कापसाच्या मोबदल्यात येणारं सोनं नाण्याच्या रूपात गावापर्यंत झिरपू लागलं. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९१३ च्या आपल्या हिंदी चलनावरच्या पुस्तकात या गिन्न्यांचा विचार केला आहे. चलनात आलेली गिनी पुन्हा तिजोरीत येत नाही, ती घरात मुरते, ही तेव्हाच्या अर्थशास्त्र्यांची डोकेदुखी होती. ती ज्या घरांत मुरली त्यांतली बरीचशी आपली.

आता गिनी म्हणजे नेमकं काय? इंग्रजी नाव सॉव्हरिन. १८१७ पासून वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे आत चोख सोनं ७.३२ ग्रॅम. मागच्या बाजूला बहुतेक वेळा घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि त्याच्या टाचेखालचा ड्रॅगन, पिस्ट्रुची नावाच्या इटालियन कारागिराने कोरलेला. केरळात अजून सोन्याचा भाव 'पवन'मध्ये, म्हणजे आठ ग्रॅमला सांगतात. ते आठ ग्रॅम याच गिनीचे. आपण तोळ्याला चिकटून राहिलो, आणि तोही ११.६६ ग्रॅमचा होता तो बाजारात गुपचूप दहाचा झाला.

हिशेब करू. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा पहिल्यांदा गाठला. तो गोल आकडाच धरला तर गिनीतल्या सोन्याचे ७३,२२० रुपये होतात. सराफ मोडीत यातून थोडं कापतो, कडीच्या झाळेचं वेगळं कापतो. एकदा पंधरा रुपयांना मिळालेलं नाणं सत्तर हजारांना गेलं म्हणून विकणारा खूश असतो, आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा तो खूश असायला हरकतही नाही. कारण बहुसंख्य गिन्न्यांना याहून फारसा जास्त भाव जगात कुठेच नाही. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. जुनं म्हणजे मोलाचं हे समीकरण नाण्यांच्या बाजारात टिकत नाही. रोमन सम्राटांची तांब्याची नाणी दीड-दोन हजार वर्षं जुनी आहेत आणि त्यांतली कित्येक एका जेवणाच्या खर्चात मिळतात. भाव ठरतो तो किती उरली, कशी उरली आणि ती हवी असणारे किती आहेत यावर.

याचं सर्वांत सोपं उदाहरण १९१७ आणि १९१८ ही लागोपाठची दोन सालं. गिन्न्या लंडनशिवाय साम्राज्यातल्या इतर टाकसाळींतही पडत. ड्रॅगनच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या जरा वर, भिंगानेच दिसेल एवढं अक्षर असतं: सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, कॅनडाचं सी. अक्षर नसेल तर नाणं लंडनचं. १९१७ ची सिडनीची किंवा पर्थची गिनी सोन्याच्या भावाने जाते. त्याच सालची अक्षर नसलेली लंडनची मात्र कित्येक पट किमतीला जाते, कारण लंडनने त्या वर्षी पाडलेल्या बहुतेक गिन्न्या युद्धखर्चापायी अमेरिकेला गेल्या आणि तिथे वितळल्या असं मानतात. १९१८ मध्ये लंडनने गिनी पाडलीच नाही. तेव्हा त्या सालची बिनअक्षराची गिनी हातात आली तर नशीब उघडलं असं समजू नये, नकली म्हणून बाजूला ठेवावी.

१९१८ चं आपल्याशी खास नातं आहे. पहिल्या महायुद्धाने चांदीचा तुटवडा पडला, रुपये पुरेनात, नोटा घेऊन लोक नाण्यांसाठी उभे राहू लागले. सोनं मुंबईत पडून होतं. सरकारने आधी मुंबईच्या टाकसाळीत पंधरा रुपये किमतीचं सोन्याचं नाणं पाडलं, सुमारे २१ लाख. मग ऑगस्टपासून तिथेच लंडनच्या टाकसाळीची शाखा चालू झाली आणि सुमारे १३ लाख गिन्न्या पडल्या, इंडियाचं आय हे अक्षर मिरवणाऱ्या. पुढच्या एप्रिलमध्ये शाखा बंद झाली. पडलेल्या प्रत्येक गिनीवर साल १९१८ च. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आपली पीजे, सुरू झाली तीही याच सुमाराला. कापसाच्या गाठी वाहायला आलेली गाडी आणि त्या कापसाच्या मोबदल्यात येणारं नाणं एकाच हंगामातलं. करोनाच्या टाळेबंदीत पीजे थांबली. गिन्न्या अजून पेट्यांत आहेत.

तर एकाच टाकसाळीतली, एकाच सालची ही दोन नाणी. वजन सारखं, कस सारखा. सराफाच्या काट्यावर दोन्हींना एकच आकडा. संग्राहकाकडे मात्र मुंबईच्या गिनीला साध्या गिनीहून थोडा जास्त आणि पंधरा रुपयांच्या नाण्याला बराच जास्त भाव येतो, कारण ब्रिटिश हिंदुस्थानची नाणी जमवणाऱ्याचा संच त्याच्याविना पुरा होत नाही. कंपनी सरकारची १८३५ ची चौथ्या विल्यमची मोहर, मागे सिंह आणि ताडाचं झाड असलेली, ही त्याच्याही वरची पायरी. ती बरोबर एक तोळ्याची असते, म्हणून सराफाला लई सोपी पडते, आणि तिथेच घात होतो.

जगातले टोकाचे आकडे सांगायलाच हवेत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरतात. अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं २०२१ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ८८ लाख डॉलरना गेलं. त्यातलं सोनं दोन हजार डॉलरचंही नव्हतं. ते नाणं पाडलं आणि बाहेर काढण्याआधीच सोनं बाळगण्यावर बंदी आली, जवळजवळ सगळी वितळवली, काही मागच्या दाराने सुटली, आणि त्यांतलं एकच खाजगी माणसाला कायद्याने बाळगता येतं. गंमत अशी की १९३३ च्या त्या बंदीतूनच दुर्मीळ नाण्यांना सूट होती. संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेलं नाणं हा वर्ग सरकारनेच मान्य केला, आणि साध्या सोन्यापासून वेगळ्या अशा नाण्यांच्या बाजाराला तिथे बळ मिळालं. दुसरं उदाहरण गिनीचंच आहे. आठव्या एडवर्डने राज्याभिषेकाआधी गादी सोडली, त्यामुळे त्याच्या मुद्रेच्या १९३७ च्या गिन्न्या नमुन्यापुरत्या राहिल्या. त्यांतली एक २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेली. अशी नाणी पाचोऱ्याच्या पेटीत निघणार नाहीत. ती कधी चलनात आलीच नव्हती.

मग इथे मागणी आहे तरी कशाला? वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये भारतात सुमारे ८०३ टन सोनं खपलं, त्यातलं सुमारे २३९ टन नाणी आणि बिस्किटांच्या रूपात. हा आकडा वाचून नाण्यांचा शौक वाढला असं कुणी समजू नये. सराफाकडचं लक्ष्मीचं नाणं हे नाणं नावापुरतंच. त्यावर किंमत नसते, कुठल्या राज्याची मुद्रा नसते. ते बिस्किटच, गोल कापलेलं. २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारने अशोकचक्राचं भारतीय सुवर्ण नाणं काढलं, तेही याच जातीचं. या मालावर तीन टक्के जीएसटी लागतो, वर घडणावळ किंवा पाकिटाचा खर्च, आणि नाणं जेवढं लहान तेवढा हा खर्च ग्रॅममागे जास्त. विकताना यातलं काही परत येत नाही. बँकेतून घेतलेलं नाणं तर बँक परत घेतच नाही, तशी तिला परवानगी नाही. तरी लोक घेतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोरीच्या लग्नासाठी दर आखाजीला आणि धनतेरसला एकेक ग्रॅम साठवणाऱ्या बाईला तेवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या योजनेने लावलेली नाही. फक्त तिने त्याला 'कलेक्शन' समजू नये, आणि सहसा ती समजतही नाही. तसं समजतात ते शहरातले, खोक्यात बंद नाण्यासाठी जादा पैसे मोजणारे.

खऱ्या संग्राहकांची मागणी मुंबई, अहमदाबाद, बंगळूर इथल्या लिलावांत दिसते. तिथे छापील याद्या निघतात, तज्ज्ञ नाणं तपासतात, बोली फोनवर आणि ऑनलाइन लागते. जळगावची ख्याती सुवर्णनगरी म्हणून आहे. शुद्धतेच्या भरवशावर मध्य प्रदेशातून, गुजरातेतून गिऱ्हाईक येतं, राजमल लखीचंदसारखी पेढी आपलं मूळ १८५४ पर्यंत नेते. पण ही सगळी ख्याती कसाची आहे. नाणं वाचणाऱ्यांचा बाजार तिथे उभा राहिला नाही. नाणेशास्त्राची जवळची संस्था नाशिकजवळ अंजनेरीला, नाणेतज्ज्ञ परमेश्वरीलाल गुप्तांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात उभी राहिलेली. म्हणजे माल खान्देशात आणि वाचणारे बाहेर.

याहून मोठी अडचण नाण्यांच्या अवस्थेची आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. संग्राहक पैसे देतो ते पृष्ठभागाला: कोरीव रेघा किती शाबूत, कड किती अभंग, मूळची झळाळी किती उरली. आपल्याकडे गिनी गळ्यात घालायची वस्तू. तिला कडी झाळली, माळेत ओवली, चाळीस वर्षं शेतात-घरात वागवली, दर लग्नाला उजाळा दिला. सराफाने कसोटीवर कडेला घासली. यातली प्रत्येक गोष्ट दागिन्याला साजरी आणि नाण्याला मारक. कडी काढली तरी झाळेचा डाग राहतो, आणि तो दिसला की लिलाववाला भिंग खाली ठेवतो. उजाळ्याने चकाकणारं नाणं आपल्याला नवं वाटतं, संग्राहकाला ते सोललेलं वाटतं. म्हणून खान्देशात गिन्न्या पुष्कळ असूनही संग्राह्य गिन्न्या थोड्या. ज्या मडक्यात किंवा भिंतीत दडवल्या, गळ्यात कधी आल्या नाहीत, त्याच खऱ्या मोलाच्या.

दडवलेल्यांवरून आठवलं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडाही तेव्हाचाच, कुणी बदललेला नाही. आज सोन्याचा कण सापडला तरी तो ओलांडतो. या कायद्याच्या भीतीवरच एक धंदा चालतो. बसस्टँडवर एखादा मजूर भेटतो, खोदकामात हंडा सापडला म्हणतो, सरकारला कळलं तर सगळं जाईल म्हणून स्वस्तात देतो. पहिलं नाणं तपासायला देतो ते अस्सल असतं. उरलेली पिशवी पितळेची. गिऱ्हाईक पोलिसांत जायला कचरतं, कारण त्यालाही सरकारपासून लपवूनच घ्यायचं होतं. दर वर्षी वर्तमानपत्रांत हीच बातमी येते, गाव तेवढं बदलतं.

नकलीचे आणखी दोन प्रकार आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत आणि लेबनॉनमध्ये पूर्ण वजनाच्या, जवळजवळ पूर्ण कसाच्या नकली गिन्न्या पडल्या. सोन्याहून गिनीला थोडा जास्त भाव होता, त्या फरकावर ती कमाई. अशी नकली गिनी सराफाकडे अस्सलच ठरते, कारण सोनं खरं असतं. दुसरा प्रकार मोठ्या नावांचा. शिवछत्रपतींचा होन, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे आणि किमती लाखांत, त्यामुळे नकली होन गावोगाव. लाखाच्या भावाने पंचवीस-तीस हजारांच्या सोन्यावर एवढी मिळकत होत असेल तर नक्कल करणारा चोख सोनंच वापरतो. इथे टंच मशीन काही कामाचं नाही.

कायद्याची एक बाजू फारशी कुणाच्या ध्यानात नसते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. म्हणजे पाचव्या जॉर्जची १९२५ पर्यंतची गिनी आता पुरावस्तू. अमेरिकेतल्या नातसुनेला आजीने मुंहदिखाईत दिलेली गिनी तिने पर्समधून नेली तर तो गुन्हा होऊ शकतो. मुशीत जाणाऱ्या गिनीला मात्र कुणी वय विचारत नाही. कराचं सांगायचं तर, २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर, दोन वर्षांहून जुन्या सोन्याच्या नफ्याला साडेबारा टक्के. वारशाने आलेल्या नाण्याला आजीने घेतल्यापासूनचा काळ धरतात, आणि ते २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव मूळ किंमत म्हणून लावता येतो. आयकराच्या धाडीत विवाहितेचं ५०० ग्रॅमपर्यंत सोनं जप्त करू नये अशी १९९४ ची सूचना आहे, पण तिच्यातले शब्द दागिन्यांपुरते आहेत. माळेतली गिनी तिच्यात बसते, डबीतली सुटी गिनी बसेल याचा भरवसा धरू नये.

सराफाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा वजनाचा आहे आणि वजनात तो बहुधा चोख असतो. पण मोडायला जाण्याआधी घरातच भिंगाखाली मुद्रा, साल, ते बारीक अक्षर आणि कड बघून घ्यायला खर्च येत नाही. कडी नसेल तर पुसूही नये. फोटो काढून एखाद्या लिलावगृहाला दाखवावा. बहुतेकांना उत्तर 'सोन्याचा भाव' असंच येईल.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी ओळखीच्या एका सराफाला मी त्याच्या डबीतल्या मोडीच्या गिन्न्या भिंगाखाली धरायला लावल्या. भिंग होतं, हिऱ्यासाठी ठेवलेलं. चार निघाल्या. दोन पर्थच्या, एक मेलबर्नची, एक बिनअक्षराची, १९११ ची. चारही साध्या, तीनांना झाळेचे डाग. ''मंग?'' तो म्हणाला. मंग काही नाही, म्हटलं, काट्यावरचाच भाव बरोबर. त्याने त्या पुन्हा डबीत टाकल्या. आणखी एक होती, कडी नसलेली, पण ती सकाळीच गाळली, असं तो सहज बोलून गेला. साल त्याने पाहिलं नव्हतं.